रेडियम कापणाऱ्या यंत्रावर पातळ कार्डपेपर कसा कापावा?

आगमनकाळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवती तारे, गव्हाणी व वेदीमागील फलक यांच्या तयारीला लागतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या तयारीत थर्मोकोलचा वाटा मोठा असे. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली व सजावटीचे थर्मोकोलही त्या बंदीत आले. त्याच वर्षी गणेशोत्सवातील सजावटीसाठी सवलत मागण्यात आली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती दिली नाही. तेव्हापासून कार्डपेपर, पुठ्ठा, कापड व बांबू यांच्याकडे आपण पुन्हा वळलो आहोत. यांपैकी कार्डपेपर स्वस्त असून तालुक्याच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. अडचण एवढीच की, एकाच मापाचे पन्नास तारे कात्रीने कापू लागले म्हणजे पहिला व पन्नासावा यांत सारखेपणा राहत नाही आणि बोटांना फोड येतात ते वेगळेच.

दुसरीकडे, बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत बसस्थानकाच्या किंवा गॅरेजच्या आसपास ‘रेडियम आर्ट’ची दुकाने आढळतात. वाहनांच्या नंबरपाट्या हे या दुकानांचे रोजचे काम होते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्यात तयार झालेली, उठावदार अंकांची व होलोग्राम असलेली उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली. पुढे महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या जुन्या वाहनांनाही ती लागू करण्यात आली व तिची मुदत अनेकदा वाढवण्यात आली. ही पाटी दुकानात रेडियम कापून तयार करता येत नाही. म्हणजे ज्या कामावर ही यंत्रे विकत घेतली गेली, तेच काम त्यांच्या हातून निघून गेले.

एकीकडे कापणाऱ्याच्या शोधात असलेला कागद आणि दुसरीकडे कामाच्या शोधात असलेले यंत्र, अशी ही स्थिती आहे. या दोहोंची गाठ घालता येते. मात्र त्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते : कार्ड म्हणजे रेडियम नव्हे. हा फरक ध्यानात न घेता कागद यंत्रात घातला तर कागद फाटतो, पाते बोथट होते आणि ‘या यंत्रावर कागद कापता येत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून या लेखात आम्ही यंत्राचे कार्य, कागदाचे गुणधर्म आणि दोहोंचा मेळ घालण्याची रीत क्रमाने मांडीत आहोत.

यंत्र कसे चालते?

आपण ज्याला रेडियम म्हणतो ते वास्तविक विनाइल नावाचे पातळ प्लास्टिक होय. त्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. विनाइलच्या मागे गोंद असतो आणि गोंदामागे गुळगुळीत, मेणचट वाटणारा पाठकागद असतो. ते कापणाऱ्या यंत्राला विनाइल कटर किंवा कटिंग प्लॉटर म्हणतात. संगणकावर रेखाटलेली आकृती या यंत्राला मिळाली की, त्यातील खालचे खरखरीत रोलर व वरचे रबरी रोलर पट्टीला मागे-पुढे सरकवतात आणि पात्याचा होल्डर डावीकडे-उजवीकडे धावतो. या दोन गतींच्या संयोगातून कोणतीही वक्ररेषा कापता येते.

यातील पात्याची रचना मोठी चतुर आहे. पात्याचे टोक होल्डरच्या अगदी मध्यावर नसते. ते मध्यापासून किंचित बाजूला, सामान्यतः पाव मिलिमीटर अंतरावर असते. कार्यालयातील खुर्चीची लहान चाके आपण जिकडे ओढू तिकडे आपोआप वळतात, तसेच हे पाते ओढले जाईल त्या दिशेला स्वतः वळते. त्याला वळवणारी वेगळी मोटर नसते. हे बाजूचे अंतर यंत्राला आकड्याच्या रूपाने सांगावे लागते. त्याला ‘ऑफसेट’ म्हणतात. हा आकडा पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

विनाइल कापताना पाते केवळ विनाइल व गोंद छेदते आणि पाठकागद अखंड राहतो. त्यामुळे कापलेले अक्षर जागचे हालत नाही, पट्टी सरळ चालते आणि पाते यंत्राच्या पट्टीपर्यंत पोहोचतही नाही. यंत्राची सारी शिस्त या पाठकागदावर उभी आहे. कार्डपेपरला तो नसतो, आणि आपल्या सर्व अडचणींचे मूळ तेथेच आहे.

कागदाचा स्वभाव

विनाइलची जाडी सामान्यतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. आपल्या कामाचा २१० ते २५० जीएसएमचा कार्डपेपर साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जाड असतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, यावरून तुलना ध्यानात येईल. अर्थात पात्याला येथे तिप्पट-चौपट जाडी छेदावयाची असते.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा फरक घडणीचा आहे. विनाइल ताणले जाते व पात्याला वाट देते. कागद हा तंतूंचा गुंता आहे. पाते कोपऱ्यावर आले की त्याला जागीच वळावे लागते. विनाइलमध्ये ते सहज वळते, परंतु जाड कार्डात रुतलेले टोक वळताना भोवतालचे तंतू उपसून काढते. म्हणूनच ताऱ्याची टोके व अक्षरांचे कोपरे प्रथम बिघडतात. शिवाय कागद पांढरा व गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात खडूसारखी किंवा चिनी मातीसारखी खनिज भुकटी मिसळलेली असते. ही भुकटी पात्याला बारीक वाळूच्या कागदासारखी घासते. त्यामुळे कागद कापलेले पाते पुन्हा विनाइलवर स्वच्छ चालत नाही. कागदासाठी पाते वेगळेच ठेवावे, हा या कामातील पहिला नियम होय.

खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. साधा, चकाकी नसलेला व घट्ट विणीचा कार्डपेपर उत्तम. आयव्हरी कार्ड चांगले कापले जाते. चमकी लावलेले कार्ड पाते लवकर खाते. प्लास्टिकचा थर दिलेल्या कार्डाचा थर कडेने सुटतो. मिठाईच्या खोक्यांचा करडा पुठ्ठा रद्दीपासून बनतो, त्यात मध्येच कठीण कण लागतात व रेघ तुटते. हातकागद दिसावयास फार सुंदर. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवीत आली आहे. परंतु सुती चिंध्यांपासून बनलेल्या कागदाचे तंतू लांब असतात. जो गुण त्याला टिकाऊपणा देतो तोच पात्याला अडवतो. असा कागद पार्श्वभूमीला वापरावा आणि त्यावरील आकृती आयव्हरी कार्डातून कापावी.

प्रत्येक कागदाला ‘धार’ असते, म्हणजे त्यातील बहुतेक तंतू एका दिशेने झुकलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो सहज वाकेल ती धारेची दिशा. घडी धारेला समांतर घातली तर स्वच्छ पडते, आडवी घातली तर तडकते. ज्या वस्तूला एकच मोठी घडी आहे, उदाहरणार्थ शुभेच्छापत्र, तिची मांडणी करताना हे अवश्य पाहावे.

चिकट मॅट : कार्डाचा पाठकागद

कार्डाला पाठकागद नाही, तर तो आपण द्यावयाचा. यासाठी चिकट मॅट मिळते. ती प्लास्टिकची लवचीक पातळ शीट असून तिच्या मधल्या भागावर वारंवार चिकटणारा व सुटणारा सौम्य गोंद असतो. कडा कोरड्या असतात, कारण रोलर त्यांवरून चालतात. घरगुती वापराच्या छोट्या कटिंग यंत्रांबरोबर ही मॅट येतेच. रेडियमच्या दुकानात तिची गरज कधी पडलेली नसते, म्हणून ती तेथे नसते. सर्वांत प्रचलित माप १२ इंच बाय १२ इंच आहे आणि तिच्यावर ए-फोर कागद उभा पूर्ण मावतो.

मॅटविना कार्ड थेट यंत्रात घातले तर काय घडते, ते सांगणे आवश्यक आहे. पाते कार्डाच्या आरपार जाऊन खालच्या संरक्षक पट्टीवर घासते. पट्टीला चर पडतात व पुढे विनाइलही नीट कापले जात नाही. कापलेला तुकडा सुटून होल्डरखाली अडकतो आणि उरलेले सर्व कार्ड ओढून चुरगाळून टाकतो. दुकानदार कागदाचे काम घेण्यास कचरतात ते याच भीतीने, आणि ती भीती अनाठायी नाही.

मॅट वापरताना काही पथ्ये पाळावीत. नवी मॅट फार चिकट असते. तिच्यावर स्वच्छ सुती कापड दोन-तीनदा थोपटून चिकटपणा कमी करावा. कार्ड मॅटवर ठेवून मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबावे, म्हणजे हवा राहत नाही. कापून झाल्यावर मॅटवरून कार्ड ओढू नये, ते वळते. मॅट पालथी घालावी, कार्ड मेजावर सपाट धरावे आणि मॅट वाकवीत कार्डावरून सोडवून घ्यावी. वापराने मॅटवर धूळ व तंतू साचतात. कोमट पाणी व थोडा साबण यांनी ती धुऊन सावलीत वाळवली की चिकटपणा बराचसा परत येतो. वरचे रबरी रोलर मॅटच्या कोरड्या कडांवरच येतील असे सरकवून घ्यावेत. ते कार्डावरून गेले तर कार्डावर कायमचे वळ उमटतात.

पाते, दाब आणि वेग

विनाइलसाठी ४५ अंशांचे पाते वापरतात. कार्डासाठी ६० अंशांचे पाते अधिक सोयीचे, कारण त्याची धार अधिक उभी असते आणि जाड थरात वळताना ती कमी तंतू उपसते. ते न मिळाल्यास ४५ अंशांचे नवे पातेही काम देते. पाते बदलले की त्याच्या वेष्टनावरील ऑफसेट पाहून यंत्रात तो आकडा भरावा.

होल्डरबाहेर पात्याचे टोक किती ठेवावे, याबद्दल बहुधा चूक होते. ‘कार्ड जाड आहे, तेव्हा पाते पुष्कळ बाहेर काढू’ हा विचार स्वाभाविक वाटतो, पण तो घातक आहे. लांब टोक वाकते, वळणावर मागे राहते आणि मॅट चिरते. टोक कार्डाच्या जाडीपेक्षा केवळ केसभर अधिक हवे. पाव मिलिमीटरच्या कार्डाला सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर पुरे. मोजण्याचे साधन नसेल तर होल्डर यंत्रातून काढावा, मॅटवरील टाकाऊ कार्डावर हाताने उभा धरून लिहिण्याइतक्या दाबाने एक रेघ ओढावी. कार्ड पूर्ण कापले जावे आणि मॅटवर पुसटशी खूण उमटावी. मॅटवर बोटाला खाच लागली तर टोक लांब आहे असे समजावे.

दाब यंत्रात ग्रॅममध्ये मोजतात. साध्या विनाइलला ८० ते १२० ग्रॅम पुरतात. कार्डाला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. तरीही सारा दाब एकाच फेऱ्यात देऊ नये. मध्यम दाबाचे दोन फेरे हे जोराच्या एका फेऱ्यापेक्षा नेहमीच स्वच्छ कापतात, कारण पहिल्या फेऱ्यात पडलेली चर दुसऱ्या वेळी पात्याला वाट दाखवते. बऱ्याच प्रोग्राममध्ये फेऱ्यांची संख्या निवडता येते. ती सोय नसेल तर तीच रेषा दोनदा घालावी.

वेगाबाबत तर हात आखडता घेणेच इष्ट. विनाइलवर यंत्र सेकंदाला ३० ते ४० सेंटिमीटर धावते. कार्डाला सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आसपासच ठेवावे. घाई केली की कोपरे फाटतात.

चाचणीचा चौकोन

प्रत्येक नव्या कागदावर प्रथम एक सेंटिमीटरचा चौकोन व त्याच्या आत लहान वर्तुळ कापून पाहावे. हा नखाएवढा तुकडा पुष्कळ काही सांगतो. चौकोनाचे कोपरे गोलसर आले तर ऑफसेटचा आकडा कमी पडला आहे. कोपऱ्यावर शिंगासारखे टोक बाहेर आले तर तो जास्त झाला आहे. कड केसाळ दिसली तर पाते बोथट आहे किंवा वेग अधिक आहे. वर्तुळाचा आरंभ व शेवट जुळला नाही तर मॅट सरकते आहे अथवा होल्डर सैल आहे. तुकडा एका बाजूला सुटतो व दुसऱ्या बाजूला चिकटून राहतो, असे झाल्यास कार्ड मॅटवर सपाट बसलेले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा चौकोन कापावा. दाब, वेग व टोक ही तिन्ही एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

योग्य आकडे मिळाले की ते वहीत लिहून ठेवावेत : कागदाचे नाव, जीएसएम, पाते, दाब, वेग व फेरे. पुढील वर्षी ही वही बराच वेळ वाचवील.

देवनागरी अक्षरांचा विशेष विचार

कागदातून अक्षरे कापण्याविषयी जी माहिती सर्वत्र मिळते ती रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेली असते. आपल्या लिपीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिची सोयही वेगळी आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, ती एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेषा साऱ्या शब्दाला एकत्र धरते. ‘नाताळ’ हा शब्द कार्डातून कापला तर तो एका अखंड तुकड्यात हाती येतो. शिरोरेषेला दोरा बांधून तो तोरणासारखा टांगताही येतो.

परंतु ही एकसंधता संगणकावर आपोआप येत नाही. अक्षरवळणांत प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर ती किंचित चढलेली असते. डोळ्यांना सलग रेघ दिसते, पण यंत्राला प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा दिसते. तसेच पाठवले तर पाते प्रत्येक सांध्यावर आडवे कापते व शब्दाचे तुकडे पडतात. यासाठी कोरलड्रॉमध्ये अक्षरांचे प्रथम ‘कर्व्ह’ करावेत, नंतर सारी अक्षरे व मात्रा निवडून ‘वेल्ड’ करावे. इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये याच कामाला ‘युनियन’ म्हणतात. मग केवळ रेषा दाखवणाऱ्या दृश्यात शब्द पाहून सांधे नाहीसे झाल्याची खात्री करून घ्यावी.

यानंतर सुट्या राहणाऱ्या चिन्हांकडे पाहावे. ‘शांती’ आणि ‘आनंद’ हे नाताळचे दोन शब्द, आणि दोहोंवर अनुस्वार आहे. अनुस्वाराचा टिंब कोठेही जोडलेला नसतो, तो गळून पडतो. तो खाली सरकवून शिरोरेषेला किंवा मात्रेला टेकवावा व मग वेल्ड करावे. विसर्ग, उद्गारचिन्ह आणि काही वळणांतील ‘ऑ’वरचा चंद्र यांचीही हीच गत होते.

छापा, म्हणजे अक्षराच्या जागी छिद्र असलेला कागद, करावयाचा असेल तर नेमकी उलटी अडचण येते. रांगोळीसाठी किंवा भिंतीवर रंग थोपटण्यासाठी असे छापे लागतात. यात ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातील गोल तुकडे निघून जातात. इतकेच नव्हे तर ‘प’, ‘म’, ‘य’, ‘ष’ यांच्या पोटालाही शिरोरेषेचे झाकण असल्याने तेही सुटतात. ‘प्रभू येशू’ या दोन शब्दांत ‘प’ व ‘य’ दोन्ही आले आहेत. अशा प्रत्येक बंद पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा निदान दोन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. शिरोरेषाही सलग कापली तर छाप्याला लांबलचक फट पडून खालचा भाग लोंबतो, म्हणून तिलाही अक्षरागणिक पूल द्यावा.

अक्षरवळण जाड व समान जाडीचे घ्यावे. ‘बालू’ किंवा ‘मुक्ता’चे ठळक रूप मोफत उपलब्ध असून या कामास योग्य आहे. बोरूच्या वळणाची, बारीक होत जाणारी टोके कागदात टिकत नाहीत. जोडाक्षरे असलेल्या शब्दाची उंची अडीच-तीन सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये.

एक तारा : प्रत्यक्ष नमुना

आता हे सारे एका वस्तूवर लावून पाहू. पंचकोनी ताऱ्याचे केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर १० सेंटिमीटर घेतले तर आतील कोपरे केंद्रापासून ३.८ सेंटिमीटरवर येतात. ताऱ्याची रुंदी १९ सेंटिमीटर होते आणि तो ए-फोर कागदाच्या २१ सेंटिमीटर रुंदीत बसतो. केंद्रापासून पाच टोकांकडे व पाच आतील कोपऱ्यांकडे अशा दहा घड्यांच्या रेषा काढाव्यात. टोकांकडील घड्या वर व कोपऱ्यांकडील घड्या खाली मोडल्या की सपाट तारा उठावदार होतो. असे दोन अर्धे भाग पाठीला पाठ लावून जोडले म्हणजे पोकळ तारा तयार होतो. जोडण्यासाठी एका भागाच्या कडांना आठ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवाव्यात.

घडीच्या रेषा पात्याने कापू नयेत. प्लॉटरमध्ये पात्याच्या जागी पेन बसवता येते. तेथे शाई संपलेले बॉलपेन बसवून या रेषा दाबून घ्याव्यात. तशी सोय नसेल तर तुटक रेषा कापावी : तीन मिलिमीटर काप व दोन मिलिमीटर कोरे. क्रम मात्र निश्चित आहे. प्रथम घड्या, मग आतील नक्षीच्या खिडक्या, आणि सर्वांत शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा सैल होऊन आतील नक्षी सरकते. ताऱ्याची टोके अगदी अणकुचीदार न ठेवता अर्धा मिलिमीटर गोलाई द्यावी. दुरून फरक दिसत नाही आणि कोपरा फाटत नाही.

वेळेचा हिशेबही करता येतो. पट्ट्या व खिडक्या सोडल्या तर या ताऱ्याची कड सुमारे ७३ सेंटिमीटर भरते. सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने एका फेऱ्यास १५ सेकंद, दोन फेऱ्यांस अर्धा मिनिट. खरा वेळ कार्ड मॅटवर लावण्यात व सोडवण्यात जातो. म्हणून दोन मॅट ठेवाव्यात. एक यंत्रात असताना दुसरी तयार करावी.

ज्यांना अधिक उत्साह आहे त्यांनी जर्मनीतील मोरेवियन ताऱ्याचा अभ्यास करावा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नीस्की येथील शाळेत भूमितीचा पाठ म्हणून हा तारा जन्मास आला. त्याला २५ टोके असतात, १७ चौकोनी पायाची व ८ त्रिकोणी पायाची. सव्विसावी बाजू दिव्यासाठी उघडी राहते. इतके भाग अचूक जुळावयाचे तर प्रत्येक तुकडा एकाच मापाचा हवा, आणि तेच यंत्राचे बळ आहे.

ताऱ्यात केवळ कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा व तो कागदाला टेकू देऊ नये. तारेचा जुना बल्ब फार तापतो. मेणबत्ती तर कागदी ताऱ्यात कदापि ठेवू नये.

हवामान आणि वीज

कागद हवेतील ओलावा शोषतो व सोडतो. पावसाळ्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि पात्याबरोबर ओढला जातो. एप्रिल-मे महिन्यांत घाटाखालच्या तालुक्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कार्ड कडक होऊन घडीवर तडकते. या दृष्टीने नाताळचा काळ अनुकूल आहे, कारण डिसेंबरातील हवा कोरडी पण सौम्य असते. ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाची सजावट मात्र ऐन पावसाळ्यात येते. तेव्हा कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावे, कापण्यापूर्वीच बाहेर काढावे आणि चाचणीचा चौकोन नव्याने कापावा.

काम चालू असताना वीज गेली तर यंत्र आपली जागा विसरते व उरलेली आकृती सहसा जुळवता येत नाही. म्हणून एका फाइलमध्ये एकाच कागदाचे काम ठेवावे. नुकसान झाले तरी एका कागदाचेच होईल.

यंत्राची मर्यादा आणि दुकानदाराशी व्यवहार

तीनशे जीएसएमच्या पुढे हे यंत्र थकते. जाड पुठ्ठा धारदार कटरने व लोखंडी पट्टीने हातानेच कापावा. हजारो नग हवे असतील, जसे लग्नपत्रिका, तर छापखान्यातील डाय पंचिंगच परवडते. लेझर यंत्र जाड कार्डही कापते, परंतु कडा तपकिरी करते. दहा ते दोनशे नग, प्रत्येकावर कदाचित वेगळे नाव, हे प्लॉटरचे खरे क्षेत्र होय. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या बालकांची नावे, धर्मशिक्षण वर्गाचे तक्ते, गव्हाणीतील मेंढरे व मेंढपाळ यांच्या छायाकृती, ही सर्व कामे त्यात येतात. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेचिओ येथे गव्हाणीचा देखावा उभा केला, तो अगदी साध्या साधनांनी. कागदी गव्हाणी त्या साधेपणाशी विसंगत नाही.

दुकानदाराकडे जाताना आपले पाते व आपली मॅट घेऊन जावे, हा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. त्याच्या दोन्ही शंका, पाते खराब होण्याची व पट्टीला चर पडण्याची, यांमुळे तेथेच मिटतात. रेडियमचा दर अक्षराच्या आकारावर ठरतो. कार्डाला तो लावला तर दुकानदाराचे नुकसान होते, कारण काम संथ चालते. दर तासावर ठरवावा आणि चाचणीचा वेळही त्यात धरावा. सणाच्या आदल्या आठवड्यात न जाता नोव्हेंबरात जावे, म्हणजे त्यालाही सवड असते व आपल्यालाही चुका सुधारता येतात. फाइल घरूनच वेल्ड करून न्यावी आणि चाचणीच्या आकड्यांची एक प्रत त्याच्याजवळ ठेवावी. उद्या त्याच्याकडे कोणी वाढदिवसाची सजावट किंवा आकाशकंदील घेऊन आला तर ते आकडे त्याच्या उपयोगी पडतील, आणि नंबरपाट्या गेल्या तरी यंत्राचे काम थांबणार नाही.

थोडक्यात क्रम असा :

१. साधे, २१० ते २५० जीएसएमचे कार्ड निवडावे व धार पाहावी.
२. कागदासाठी वेगळे, धारदार पाते घ्यावे आणि ऑफसेट भरावा.
३. कार्ड चिकट मॅटवर सपाट बसवावे व रोलर कोरड्या कडांवर घ्यावेत.
४. पात्याचे टोक कार्डाच्या जाडीपेक्षा केसभरच अधिक ठेवावे.
५. वेग कमी, दाब मध्यम व फेरे दोन ठेवावेत.
६. चाचणीचा चौकोन कापून आकडे वहीत लिहावेत.
७. अक्षरे वेल्ड करावीत व अनुस्वार जोडून घ्यावेत.
८. प्रथम घड्या, मग आतील नक्षी, शेवटी बाहेरची कड.
९. मॅट पालथी घालून कार्डावरून सोडवावी.

हे नियम पाळून युवक मंडळाने एक दुपार एखाद्या दुकानात घालवली, तर वर्षानुवर्षे पुरेल एवढा अनुभव पदरी पडेल.